कोळंबीच्या तलावात रात्री उजेड दिसतो : व्हिब्रिओचा संसर्ग ओळखावा कसा आणि उपाय कोणता?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. रायगड जिल्ह्यात खाडीलगतच्या खाजणात आमचे व्हन्नामेई कोळंबीचे तलाव आहेत. बीज पूर्व किनाऱ्यावरील हॅचरीतून आणले होते आणि ते सोडून आता साधारण चौथा आठवडा चालू आहे. गेल्या काही रात्री एका तलावात पॅडल व्हील (पाणी ढवळून हवा मिसळणारे चाक) फिरू लागले की पाण्यात निळसर हिरवा उजेड दिसतो. त्याच तलावात चेक ट्रेवर (खाद्य तपासण्याच्या ताटलीवर) येणारी कोळंबी कमी झाली आहे, काहींचे आतडे रिकामे दिसते, काहींची एचपी (हेपॅटोपँक्रियास, म्हणजे पचनग्रंथी) फिकट पडली आहे, आणि सकाळी बांधाच्या कडेला थोडी मेलेली कोळंबीही सापडते. शेजारच्या तलावात पाणी याच खाडीचे आणि बीजही याच खेपेचे असूनही तेथे यांपैकी काहीही दिसत नाही.

पाण्याची तपासणी करून घेतली. टीसीबीएस या व्हिब्रिओ जिवाणू वाढवून पाहण्याच्या माध्यमावर पिवळ्यांपेक्षा हिरव्या वसाहती जास्त आल्याचे अहवालात लिहिले आहे. तेवढ्यावरून औषधविक्रेत्याने हा ‘ईएमएस’ (बीज सोडल्यावर लवकर मर आणणारा रोग) असल्याचे सांगितले आणि खाद्यातून प्रतिजैविक देण्याचा सल्ला दिला. हा उजेड आणि या हिरव्या वसाहती म्हणजे ईएमएसचा पुरावा मानावा का, प्रतिजैविक द्यावे का, आणि तलावातील पाण्यातच ब्लिचिंग पावडर टाकली तर जिवाणू मरतील का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आणखी एक काळजी मला वाटते. आमचे पाणी ज्या नाल्यातून खाडीत जाते, त्याच्या तोंडाशी गावातील बायका तिसऱ्या आणि कालवे काढतात. त्यांना किंवा ते खाणाऱ्यांना यापासून काही धोका आहे का?

सूक्ष्मदर्शी

आपण निरीक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी कोळंबीच्या हॅचरीत सूक्ष्मजीवशास्त्राचे काम करतो, म्हणून आधी निदानाविषयी लिहितो.

पहिला प्रश्न उजेड कशाचा, हा. खाडीच्या पाण्यात रात्री चमकणारे दोन अगदी वेगळे जीव असू शकतात. एक नॉक्टिल्युका हा एकपेशीय प्लवक. पावसाळा संपल्यावर कोकण किनाऱ्यावर लाटा चमकताना दिसतात, त्या बहुधा याच्यामुळे. दुसरे म्हणजे प्रकाश देणारे जिवाणू, ज्यांत व्हिब्रिओ हार्वेयी आणि त्याचा जवळचा नातलग व्हिब्रिओ कॅम्पबेलाय हे कोळंबीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. दोन्हींतला फरक तलावावरच कळू शकतो. पारदर्शक बाटलीत पाणी भरून ती पूर्ण अंधाऱ्या खोलीत ठेवा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. बाटली हलवल्यावरच ठिणग्या चमकून विझत असतील तर तो नॉक्टिल्युका असण्याचा संभव अधिक. पाणी स्थिर असतानाही एकसारखा मंद उजेड येत राहिला तर जिवाणूंचा संशय घ्यावा. त्यानंतर चेक ट्रेवरील सुस्त कोळंबी स्वच्छ पाण्यात धुऊन त्याच अंधारात पाहा. कोळंबीचे शरीर स्वतःच चमकत असेल, तर जिवाणू पाण्यापुरते राहिले नसून तिच्या अंगात शिरले आहेत, असे समजावे. उजेड पॅडल व्हील फिरल्यावरच दिसतो, असे आपण लिहिले आहे. म्हणून ही चाचणी केल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय घेऊ नये, असे मला वाटते.

जिवाणूंचा उजेड एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. व्हिब्रिओ हार्वेयीचे जिवाणू विरळ असताना प्रकाश देत नाहीत. प्रत्येक जिवाणू काही संदेशरेणू बाहेर सोडत असतो आणि गर्दी वाढून त्या रेणूंचे प्रमाण ठरावीक पातळीवर गेले की सगळेच प्रकाश देऊ लागतात. म्हणजे डोळ्यांना दिसणारा उजेड हा जिवाणूंची संख्या फार वाढल्याचा इशारा असतो. फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि आपल्या देशातील हॅचरींमध्ये या जिवाणूने टाक्याच्या टाक्या रिकाम्या केल्या आहेत. अळ्या आणि कोवळे बीज यांना त्याचा फटका सर्वांत जास्त बसतो.

परंतु हा उजेड म्हणजे ईएमएस नव्हे. ज्याला तलावावर ईएमएस म्हणतात त्याचे शास्त्रीय नाव ‘तीव्र हेपॅटोपँक्रियाटिक नेक्रोसिस रोग’ असे आहे. तो २००९ च्या सुमारास चीनमध्ये दिसला, तेथून व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड असा पसरला आणि २०१३ मध्ये मेक्सिकोतही आढळला. त्याच वर्षी ॲरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने त्याचे कारण शोधून काढले. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसचे काही वाण एक जादा प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्रापासून वेगळे डीएनएचे कडे) बाळगतात, आणि त्यावर पीर-ए व पीर-बी या दोन विषांची जनुके असतात. हे जिवाणू कोळंबीच्या जठरात वसाहत करतात, तेथून विष एचपीत पोहोचते आणि एचपीच्या नलिकांच्या पेशी सुटून गळू लागतात. बीज सोडल्यानंतर बहुधा पहिल्या ३५ दिवसांतच मर सुरू होते आणि ती झपाट्याने वाढते. आजारी कोळंबीची एचपी फिकट व आक्रसलेली असते, तिच्यावर काळे ठिपके वा रेषा दिसतात, आणि बोटांत धरून दाबली तरी ती सहज चिरडत नाही. आपल्या तलावातील काळ जुळतो, फिकटपणा जुळतो. पण तेवढ्यावरून निदान होत नाही, कारण एचपी फिकट पडण्यास आणि आतडे रिकामे राहण्यास इतर व्हिब्रिओ, ईएचपी हा सूक्ष्म परजीवी, किंवा नुसती उपासमारही पुरेशी असते.

हिरव्या वसाहतींबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तलावावर सर्वांत जास्त गैरसमज याच गोष्टीचा आहे. टीसीबीएसमध्ये साखर म्हणून सुक्रोज असते. जो जिवाणू ते आंबवतो त्याची वसाहत पिवळी होते, जो आंबवत नाही त्याची हिरवी राहते. रंगातून कळते ते एवढेच. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हिरवी वसाहत देतो हे खरे आहे, पण त्याचे बहुसंख्य वाण ते विष बाळगत नाहीत. उलट तेच प्लाझ्मिड व्हिब्रिओच्या इतर जातींतही सापडलेले आहे. म्हणून विषाची जनुके आहेत की नाहीत हे पीसीआर या जनुके शोधणाऱ्या चाचणीनेच ठरते. चाचणीसाठी मेलेली कोळंबी पाठवू नये, कारण मेल्यावर तिच्यात भलतेच जिवाणू वाढतात; शेवटच्या घटका मोजणारी आजारी कोळंबी निवडून तिचे जठर व एचपी ९५ टक्के इथेनॉलमध्ये बुडवून पाठवावे, आणि शेजारच्या निरोगी तलावातील नमुनाही तुलनेसाठी सोबत द्यावा. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संशोधन संस्थेत अशी तपासणी होते. आपल्या बाजूला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय येथेही विचारणा करावी.

मिठागर

वरील उत्तरातील निदानाचा भाग पटण्यासारखा आहे. मी पालघरकडे कोळंबी संवर्धन करतो, म्हणून तलावावर आज काय करावे याविषयी लिहितो. अहवाल येईपर्यंत हात बांधून बसता येत नाही.

आपल्या प्रश्नातील सर्वांत मोलाची माहिती शेवटी आली आहे : पाणी तेच, बीज तेच, तरीही शेजारचा तलाव ठीक आहे. व्हिब्रिओ बाहेरून आलेला पाहुणा नाही. खाडीच्या प्रत्येक ओंजळीत तो आहे, निरोगी कोळंबीच्या आतड्यातही आहे. मग एकाच तलावात त्याची संख्या का वाढली, हे शोधले पाहिजे, आणि उत्तर बहुतेक वेळा तळात सापडते. न खाल्लेले खाद्य, कात टाकलेली कवचे, विष्ठा आणि मेलेले शेवाळ पॅडल व्हीलच्या प्रवाहाने तलावाच्या मधोमध जमते, काळे होते आणि त्यातून कुजक्या अंड्यासारखा वास येतो. व्हिब्रिओला वाढायला याहून चांगली जागा नाही. कोळंबी तळावरच चरणारी असल्याने ती दिवसभर त्याच घाणीत तोंड घालते. दोन्ही तलावांच्या मध्यभागातील चिखल हातात घेऊन रंग आणि वास ताडून पाहा.

खाद्य ताबडतोब कमी करावे. चेक ट्रेवर खाद्य उरत असताना ठरलेल्या तक्त्याप्रमाणे टाकत राहणे म्हणजे जिवाणूंनाच पोसणे होय. पहाटेच्या वेळी, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन सर्वांत कमी असताना, मोजणी करावी. तो लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जात असेल तर रात्रभर सर्व पॅडल व्हील चालू ठेवावीत, विजेचे बिल वाढले तरी चालेल. पीएच सकाळी आणि दुपारी मोजून फरक लिहून ठेवावा. शेवाळ दाट असेल तर दुपारी पीएच चढतो आणि पीएच चढला की पाण्यातील अमोनिया अधिक विषारी रूपात जातो. त्याने अशक्त झालेली कोळंबी एरवी पचवला असता असा संसर्गही सोसू शकत नाही. मधल्या भागातील चिखल बाहेर काढण्याची सोय असेल तर ती आजच वापरावी, पण गाळ ढवळून साऱ्या तलावात पसरवू नये.

ब्लिचिंग पावडरीबद्दल मी निश्चयाने नको म्हणेन. तिची जागा साठवण तलावात आहे. उधाणाला घेतलेले पाणी तेथे निर्जंतुक करावे, क्लोरीन पूर्ण उडून जाऊ द्यावा आणि मगच ते संवर्धन तलावात घ्यावे. उभ्या पिकात ती टाकली तर कोळंबीला थेट इजा होते, बराचसा क्लोरीन चिखल आणि शेवाळ यांवरच खर्च होतो, आणि जे सूक्ष्मजीव व्हिब्रिओशी अन्नासाठी झुंजत होते तेही मरतात. मेलेल्या शेवाळाचे आयते अन्न मिळाल्यावर रिकाम्या झालेल्या पाण्यात सर्वांत आधी वाढतो तो व्हिब्रिओच, कारण चांगल्या परिस्थितीत त्याची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते आणि बॅसिलससारख्या उपयोगी जिवाणूंना तेवढा वेग नाही. पहिल्या दोन दिवसांचा अहवाल छान येतो, आठवड्याने तोच अहवाल आधीपेक्षा वाईट असतो.

खाडीकाठ

आपणा दोघांचे मनापासून आभार. बाटलीची चाचणी केली. पाणी स्थिर असतानाही मंद उजेड राहतो आणि ट्रेवरील काही सुस्त कोळंबींच्या डोक्याकडचा भाग अंधारात चमकतो. मधल्या चिखलाचा रंग काळा असून वासही येतो. शेजारच्या तलावात तो पुष्कळ कमी आहे. खाद्य कमी केले आहे, पॅडल व्हील रात्रभर चालू ठेवतो आहे आणि नमुने पाठवले आहेत. आता प्रतिजैविकाबद्दल स्पष्ट मत हवे आहे. विक्रेता म्हणतो की काढणीला अजून बराच अवकाश आहे, तोपर्यंत औषधाचा अंश कोळंबीत उरणार नाही.

जलपरीक्षक

मी समुद्री अन्नाच्या तपासणीच्या कामात असल्यामुळे या मुद्द्यावर लिहिणे माझे कर्तव्य समजतो. प्रतिजैविक देऊ नये.

याची कारणे केवळ कायद्याची नाहीत. आजारी कोळंबी पहिल्यांदा खाणे सोडते, त्यामुळे खाद्यात मिसळलेले औषध जिला हवे तिच्या पोटात जातच नाही. ते निरोगी कोळंबी खाते आणि उरलेले तळाच्या चिखलात जाते, जेथे व्हिब्रिओंची सर्वांत दाट वस्ती असते. तेथे कमी मात्रेत राहिलेले औषध जिवाणूंना मारत नाही, फक्त त्यांच्यातील प्रतिकारक वाण निवडून वाढवते. प्रतिकाराची जनुकेही पुष्कळदा प्लाझ्मिडवरच असतात आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. ईएमएसचे विष ज्या मार्गाने एका जातीतून दुसरीत गेले, तोच हा मार्ग आहे. हॅचरींमध्ये वर्षानुवर्षे प्रतिजैविके वापरल्यावर व्हिब्रिओ हार्वेयीचे अनेक औषधांना दाद न देणारे वाण सापडू लागले, हे या व्यवसायाने पाहिलेले आहे. तोच जिवाणू नाल्यातून खाडीत जाणार, आणि पुढच्या हंगामात आपण व आपले शेजारी तेच पाणी तलावात घेणार.

कायद्याच्या बाजूने सांगायचे तर क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांना भारतात कोळंबी संवर्धनात बंदी आहे, आणि बंदी असलेल्या औषधांची यादी याहून मोठी आहे. २००१-०२ मध्ये आशियातून गेलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉलचे अंश सापडल्यावर युरोपीय संघाने तपासणी कडक केली. नायट्रोफ्युरानच्या विघटनातून होणारे घटक ऊतींतील प्रथिनांना चिकटून मूळ औषध नाहीसे झाल्यावरही आठवडेच्या आठवडे टिकतात. ‘अवकाश आहे’ हे विक्रेत्याचे म्हणणे म्हणूनच धरून चालण्यासारखे नाही. सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या प्रयोगशाळांत काढणीपूर्व तपासणी होते, तीत अंश सापडला तर माल निर्यातीसाठी घेतला जात नाही. आणि निर्यात होत नसेल तर तो माल आपल्याच बाजारात, आपल्याच लोकांच्या ताटात जातो, याचा विचार मला अधिक अस्वस्थ करतो.

लसीचे नावही कोणी सुचवील, म्हणून सांगतो. कोळंबीच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तिच्या रक्तातील पेशी जिवाणूंना गिळतात वा घेरतात आणि जखमेच्या जागी काळे मेलॅनिन साठवतात. संरक्षणाची व्यवस्था मुख्यतः एवढीच. माणसाच्या लसीवरून केलेले दावे म्हणूनच सावधपणे घ्यावेत.

पॅसिफिककाठ

मी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर राहतो आणि येथील कालव-उत्पादकांचा एक अनुभव या चर्चेत उपयोगी पडेल असे वाटते. ओरेगन राज्यात नेटार्ट्स उपसागरावर व्हिस्की क्रीक नावाची कालवांची हॅचरी आहे. २००७ च्या सुमारास तेथे कालवांच्या अळ्या मोठ्या प्रमाणावर मरू लागल्या. पाण्यात व्हिब्रिओ ट्युबियाशी हा अळ्यांना मारणारा जिवाणू सापडला (पुढे अशा अनेक वाणांची ओळख व्हिब्रिओ कोरॅलिलिटिकस अशी पटली), म्हणून पाणी शुद्ध करण्याची खर्चिक यंत्रणा बसवण्यात आली. जिवाणू कमी झाले, पण अळ्या मरायच्या थांबल्या नाहीत. मग ओरेगन स्टेट विद्यापीठातील बर्क हेल्स यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांबरोबर पाण्याचा अभ्यास झाला आणि कळले की वाऱ्यामुळे समुद्राच्या खोल थरातील थंड, कार्बन डायऑक्साइडने भारलेले पाणी वर येते तेव्हाच मर वाढते. अशा आम्लतेकडे झुकलेल्या पाण्यात कोवळ्या अळ्यांना पहिले कवच बांधता येत नव्हते. सोडा ॲश मिसळून पाण्याचे रसायन सावरल्यावर आणि पाणी घेण्याच्या वेळा बदलल्यावर उत्पादन पुन्हा उभे राहिले.

कोळंबी आणि कालव यांची कवचे वेगळी, आपले पाणीही वेगळे; त्यामुळे हेच कारण आपल्याकडे असेल असे मी म्हणत नाही. तेथे जिवाणू खरा होता, अहवालही खरा होता, तरी मर थांबवण्याची किल्ली पाण्याच्या रसायनात निघाली. म्हणून ‘मिठागर’ यांनी सांगितलेल्या ऑक्सिजन, पीएच आणि अमोनियाच्या नोंदी वसाहतींच्या मोजणीइतक्याच नेमाने ठेवाव्यात, आणि त्यांत क्षारतेबरोबर अल्कलिनिटीचीही (पाण्याच्या आम्लता झेलण्याच्या क्षमतेची) भर घालावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एकाच दिवसाच्या आकड्याऐवजी दोन्ही तलावांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की फरक कोठे आहे ते दिसते.

जलपरीक्षक

तिसऱ्या आणि कालवे यांचा प्रश्न मागे राहिला होता, त्याचे उत्तर देतो.

कोळंबीला मारणारे वाण आणि माणसाला आजारी पाडणारे वाण सहसा वेगळे असतात. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसच्या माणसाला आजारी पाडणाऱ्या वाणांत सहसा टीडीएच आणि टीआरएच यांपैकी जनुके असतात. ईएमएसच्या वाणांत ती साधारणपणे आढळत नाहीत. चमकणारी कोळंबीही केवळ त्या उजेडामुळे विषारी होत नाही. तरीही आपल्या तलावातील घाण खाडीत सोडण्याचा परिणाम शिंपल्यांवर होतो, कारण तिसऱ्या आणि कालवे दर तासाला कित्येक लिटर पाणी गाळतात आणि त्यातील जिवाणू अंगात साठवतात. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५० मध्ये जपानमधील ओसाकाच्या साथीत, त्सुनेसाबुरो फुजिनो यांच्या हातून. अर्धवट वाळवलेले छोटे मासे खाऊन २७२ माणसे आजारी पडली होती आणि २० दगावली होती. उष्णतेने तो सहज मरतो. आपल्याकडे तिसऱ्या शिजवूनच खातात हे फार चांगले आहे, फक्त शिंपले उघडताक्षणी भांडे उतरवू नये. उघडल्यावरही तीन ते पाच मिनिटे उकळी राहू द्यावी. काढून आणल्यावर त्या उन्हात पडू देऊ नयेत आणि शिजवलेले पदार्थ कच्च्याच्या भांड्यात परत ठेवू नयेत.

शिंपल्यांना स्वतःलाही जिवाणूंचे आजार होतात. फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर १९८७ मध्ये, तिसऱ्यांच्याच कुळातील मनिला क्लॅम या शिंपल्यात कवचाच्या आतील कडेला तपकिरी वर्तुळ दिसू लागले आणि मर झाली; त्यामागे व्हिब्रिओ टेपेटिस निघाला. तो थंड पाण्यात फोफावणारा जिवाणू असल्याने कोकणच्या उबदार खाडीत त्याची भीती धरण्याचे कारण नाही.

मला अधिक काळजी वाटते ती चिखलात उतरणाऱ्यांची. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा निमखाऱ्या, उबदार पाण्यातला जिवाणू त्वचेवरील उघड्या जखमेतून शिरतो आणि यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्या माणसात काही तासांत जिवावर बेतू शकतो. कालवे फोडताना हाताला चिरा पडतातच. आपल्या कामगारांना आणि नाल्यावर येणाऱ्या बायकांना गमबूट, हातमोजे आणि जखम झाल्यास ताबडतोब गोड्या पाण्याने व साबणाने धुण्याची सवय यांविषयी सांगावे. जखम लाल होऊन झपाट्याने सुजली किंवा ताप आला तर दवाखान्यात जाऊन ‘खाडीच्या पाण्यात जखम झाली’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण उपचाराची दिशा त्या एका वाक्यावर ठरते. आजारी तलावाचे पाणी मात्र आत्ता नाल्यात सोडू नये. मेलेली कोळंबी वेचून चुन्यासह पुरावी, आणि तलाव रिकामा करण्याची वेळ आलीच तर कोळंबी काढून घेतल्यावर पाणी तेथेच अडवून, क्लोरीनने निर्जंतुक करून, क्लोरीन उडून गेल्याची खात्री झाल्यावर सोडावे.

खाडीकाठ

नाल्याची फळी आजच बंद केली आहे आणि बायकांना गमबुटांबद्दल व जखमेबद्दल सांगितले आहे. प्रतिजैविक देणार नाही, हे विक्रेत्याला कळवले. पीसीआरचा अहवाल आला की दोन्ही तलावांच्या नोंदींसह येथेच लिहितो.